बंदुकीच्या दुकानाचें भांडवल

एखादें लहान दुकान उघडावयाचें म्हटलें म्हणजे जागा, माल आणि उधारी सोसण्याइतकी शिल्लक, या तीन रकमांचा हिशेब मांडावा लागतो. दुकान किराण्याचें असो वा कापडाचें, हिशेबाची रीत एकच. परंतु तेंच दुकान बंदुकांचें आणि दारूगोळ्याचें असेल, तर या तीन रकमांवर चौथी एक रक्कम चढते, आणि ती कोणत्याहि सावकाराच्या वहींत सांपडत नाहीं. राज्यकर्त्याचा विश्वास ही ती चौथी रक्कम होय. महाड आणि पोलादपूर या सावित्रीकांठच्या मुलखाचा तीन-साडेतीनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही रक्कम कशी वाढत गेली आणि तिच्यापुढें बाकीच्या तिन्ही रकमा कशा लहान होत गेल्या, हें स्पष्ट दिसतें.

हा मुलूख म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा डोंगराळ अंतर्भाग. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें. महाड हें सावित्रीच्या खाडीच्या शेवटास वसलेलें जुनें बंदर. बाणकोटच्या मुखांतून शिरलेलीं गलबतें भरतीच्या पाण्यावर तेथपर्यंत माल आणीत, आणि तोच माल पुढें बैलांच्या पाठीवरून वरंधा व पार या घाटांनीं देशावर चढे. पोलादपूर त्याच वाटेवर, महाबळेश्वराच्या पायथ्याशीं. अशा ठिकाणीं बंदुकीच्या दारूचा व्यापार सहज उभा राहावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण दारूचे घटक पाहिले म्हणजे अडचण ध्यानांत येते. शंभर भाग दारूंत सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असतो. यांपैकीं कोळसा तेवढा येथील रानांत मुबलक. सोरा कोरड्या प्रदेशांतील खारट मातींतून निघतो; युरोपीय कंपन्या तो मुख्यतः बिहारांतून नेत. गंधक आणि गोळ्यांचें शिसें हीं तर समुद्रावरूनच यावयाचीं. आणि हा सर्व माल सांठवावयाचा कोठें? तर जेथें चार महिने आकाश फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि भिंतींनाहि ओल येते तेथें! म्हणजे माल परका, आणि हवा त्याची वैरीण.

१६५६ सालीं जावळी आणि पाठोपाठ रायरीचा डोंगर शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. तीन वर्षांनीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, प्रतापगडाखालीं अफझलखानाची फौज मोडली आणि तिचा तोफखाना, घोडे व हत्ती मराठ्यांस मिळाले. शस्त्रांच्या बाबतींत स्वराज्याचें आरंभींचें भांडवल बरेंचसें अशा रीतीनें शत्रूनेंच पुरविलें. पुढें रायरीचा रायगड झाला, राजधानी झाली. गडावरील बाजारपेठेंतील दुकानांचीं जोतीं इतकीं उंच आहेत कीं, घोड्यावर बसूनच लोक तेथें खरेदी करीत, असें परंपरा सांगते. तथापि शस्त्रांचें खरें दुकान त्या पेठेंत नव्हतें. तें राज्याच्या अठरा कारखान्यांत होतें. तोफखाना तोफांचा, जिरातखाना हत्यारांचा आणि दारूखाना दारूचा. टकमक टोकाकडे जातांना दारूच्या कोठारांचे अवशेष आजहि दिसतात. विकणारा, सांठविणारा आणि वापरणारा येथें एकच होता, आणि तो म्हणजे राज्य.

मात्र राज्य झालें तरी त्यालाहि माल बाहेरूनच घ्यावा लागे, आणि तेथें किंमतीपेक्षां राजकारण अधिक चाले. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रजांनीं आपलें निशाण फडकावून गडावर तोफा डागल्या. मालाचे विक्रेते म्हणून जे आले होते, ते गिऱ्हाइकाच्याच वैऱ्याला जाऊन मिळाले. १६६१ सालीं महाराजांनीं राजापूरची वखार लुटून तिच्यांतील इंग्रजांस कैद केलें, तें याच कारणानें. पुढें तेच इंग्रज नुकसानभरपाईची मागणी घेऊन येऊं लागले. महाराजांकडून तोफा-दारूगोळ्याची मागणी झाली म्हणजे मात्र ते शब्द चघळीत बसत, कारण मोगल आणि सिद्दी यांची मर्जी त्यांना मोडावयाची नव्हती. फ्रेंचांना अशी अडचण कमी होती. १६७३ सालीं सुरतेच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांना पुरेल इतकें शिसें महाराजांनीं विकत घेतल्याची नोंद ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें केली आहे. १६७४ च्या जून महिन्यांत राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. त्या वेळच्या तहांत राजापूरच्या भरपाईपोटीं दहा हजार होन देण्याचें ठरलें. शस्त्रें विकणारा आपला माल मोजून देतो. पण त्याआधीं घेणाऱ्याला मोजून पाहतो, हा धडा त्या पिढीनें चांगलाच गिरविला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत या अनुभवाचें सार उतरलें आहे. टोपीकरांचा व्यापार येऊं द्यावा, परंतु त्यांना किनाऱ्यावर पक्कें ठाणें देऊं नये. त्यांचें बळ आरमार, तोफा आणि दारू यांत आहे, असा त्यांचा इशारा आहे. त्याच ग्रंथांत दारूखान्याविषयींहि बारीक सूचना आहेत. दारूचें कोठार राहत्या घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखालीं नसावें. ठराविक दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावे, ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें ही कलमें वाचलीं तर प्रत्येक कलम म्हणजे खर्चाची एकेक बाब आहे. वेगळी जागा, वेगळें छप्पर, राखणदार आणि ऊन देण्याची मजुरी. माल विकला न जातांहि हा खर्च चालूच!

१७५५-५६ सालीं बाणकोट इंग्रजांच्या हातीं गेलें आणि त्यांनीं त्या किल्ल्यास व्हिक्टोरिया असें नांव दिलें. वरवर पाहतां ही एका लहान किल्ल्याची गोष्ट; पण सावित्रीचें तोंडच परक्यांच्या ताब्यांत गेल्यावर महाडच्या बंदरांत येणारें शिसें आणि गंधक त्यांच्या नजरेखालून येऊं लागलें. अमात्यांच्या इशाऱ्याचा अर्थ येथें डोळ्यांपुढें उभा राहतो. पुढें साठ वर्षांनीं, मे १८१८ मध्यें, कर्नल प्रॉथरनें समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर गरनाळांचा मारा केला. गडावरील वाडे पेटले आणि १० मे रोजीं गड पडला. ज्या मुलखांत दारूखाना हें राज्याचें एक अंग होतें, तेथें आतां दुसऱ्याचा दारूखाना राज्य करूं लागला.

नव्या सत्तेस आरंभीं गांवोगांवच्या जुन्या बंदुकांची फारशी भीति वाटली नाहीं. १८५७ च्या उठावानें ती वाटूं लागली. त्याच सालीं शस्त्रांविषयीं एक कायदा झाला, १८६० सालीं दुसरा आणि १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हिंदुस्थानचा प्रसिद्ध शस्त्रांचा कायदा. या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें तर गुन्हा ठरलेंच, परंतु ती तयार करणें, बदलणें, विकणें आणि विकण्याकरितां ठेवणें हींहि परवान्याच्या कक्षेंत आलीं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. युरोपियनांना मात्र नियमान्वयें सूट होती. १८८२ सालीं सरकारनें बहुतेक सर्व मालावरील आयातजकात उठविली. जे थोडे अपवाद राहिले त्यांत मीठ आणि मद्य यांच्याबरोबर शस्त्रेंहि होतीं. १८८४ सालीं स्फोटक द्रव्यांचा निराळा कायदा आला आणि दारूच्या सांठ्यावर दुसरा पहारा बसला. १८८७ सालीं मद्रासेस बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या राष्ट्रीय सभेनें शस्त्रांच्या कायद्यांत बदल करावा, असा ठराव केला. लोकांवरील अविश्वास हा या कायद्याचा पाया आहे, हें त्या काळच्या सुशिक्षितांना डाचत होतें.

हा अविश्वास केवळ काल्पनिक धोक्यावर उभा होता, असेंहि नाहीं. कायदा होऊन वर्ष झालें न झालें तोंच, १८७९ सालीं, याच जिल्ह्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनीं बंड उभारलें. हा मनुष्य पुण्यास लष्करी हिशेब खात्यांत कारकून होता; आंकड्यांशीं त्याचा रोजचा परिचय. माणसें मिळत होतीं, पण पैसा नाहीं आणि पैशाविना हत्यारें नाहींत, या एका तुटीनें त्यांच्या बेताला ग्रासलें. ती तूट भरण्यासाठीं त्यांनीं पळस्प्यासारख्या गांवीं दरोडे घातले आणि अखेर ते पकडले गेले. शस्त्रांचें भांडवल उभें करणें राज्याच्या विरुद्ध जाणाऱ्याला किती महाग पडतें, याचें हें करुण उदाहरण आहे.

आतां राज्याच्या आज्ञेंत राहून परवाना मिळविणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा हिशेब पाहावा. डोंगरपट्टींत त्याचें गिऱ्हाईक कोण? भात, नाचणी आणि वरी पिकविणारा शेतकरी. आश्विन-कार्तिकांत पीक तयार झालें कीं रानडुकरें उतरतात, वानरांच्या टोळ्या येतात, आणि शेतकरी रात्रभर माळ्यावर बसून राखण करतो. त्याची बंदूक ठासणीची, परवाना शेतीसंरक्षणाचा, आणि वर्षाची खरेदी म्हणजे थोडी दारू, थोडे छर्रे आणि टोप्या. बंदूक स्वतः पिढीजात. ती बापाकडून मुलाकडे जाते, दुकानांतून येत नाहीं. समजा, किराणा दुकानदारानें हजार रुपये गुंतविले, रुपयामागें एक आणा नफा घेतला आणि माल वर्षांत बारा वेळां फिरविला. त्याच्या पदरांत साडेसातशें रुपये पडले. बंदुकवाल्यानें तेच हजार रुपये गुंतवून रुपयामागें चार आणे घेतले, पण माल वर्षांत एकदांच फिरला. त्याला मिळाले अडीचशें. त्यांतूनच लोखंडी कपाट, दारूचें वेगळें कोठार, विक्रीच्या नोंदवह्या, परवान्याचें नूतनीकरण आणि तपासणीचे दिवस भागवावयाचे. महाड-पोलादपूरसारख्या मुलखांत असें दुकान उभें करणें अवघड कां, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे. हा धंदा मोठ्या शहरांतच तग धरी, कारण तेथें शिकारी, संस्थानिक आणि अधिकारी असें दुसरें गिऱ्हाईक होतें.

स्वातंत्र्यानंतर तें दुसरें गिऱ्हाईकहि ओसरलें. १९४८ च्या औद्योगिक धोरणानें शस्त्रनिर्मिति केंद्र सरकारच्या हातीं राखली. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. परका कायदा गेला, परवाना राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा शौक संपुष्टांत आणला, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावरहि मन मानेल तशी गोळी झाडण्यास आडकाठी झाली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास परदेशी बंदुकांची व्यापारी आयात थांबली. विक्रेत्यांजवळ उरली ती जुन्या हत्यारांची देवघेव, दुरुस्ती, काडतुसांची मर्यादित विक्री, आणि हत्यारें जपून ठेवण्याचें भाडें. २०१६ च्या नियमांनीं सांठ्याच्या सुरक्षिततेच्या अटी तपशिलानें घातल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका बाळगण्याची मुभा ठेवली. गिऱ्हाईक तेंच, पण खरेदीची मर्यादा आणखी आंखडली.

या सर्व इतिहासांत दोन माणसें समोरासमोर उभीं आहेत. एक रात्रीं माळ्यावर जागणारा शेतकरी. त्याचें वर्षाचें अन्न एका रात्रींत नाहींसें होऊं शकतें. दुसरा राज्यकर्ता, सुटी झालेली एक बंदूक कोणाच्या हातीं जाईल, ही त्याची चिंता. अमात्यांनीं दारूखाना घराच्या वाऱ्याखालीं नको म्हणून बजावलें, तेव्हां तीच चिंता बोलत होती. राज्यें बदललीं, परवान्यावरील शिक्के बदलले, परंतु ही चिंता निराधार नव्हती आणि शेतकऱ्याची गरजहि खोटी नव्हती. फरक राज्यकर्त्यांच्या हेतूंत पडला. प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठीं केलेला बंदोबस्त आणि प्रजेच्या सुरक्षिततेसाठीं केलेला बंदोबस्त कागदावर पुष्कळदां सारखे दिसतात. ते ओळखण्याची एक खूण आहे. पोलादपूरच्या डोंगरांतील गरीब शेतकऱ्याला आपलें पीक राखण्याचें साधन, मग तें बंदूक असो, कुंपण असो वा नुकसानीची भरपाई असो, वेळेवर आणि परवडेल अशा खर्चांत मिळतें कीं नाहीं, हें पाहावें. बंदुकीच्या दुकानाचा जमाखर्च शेवटीं त्याच्या शेताच्या बांधावर येऊन जुळतो.