मुखपरीक्षा

कालिदासाच्या 'शाकुंतला'तील सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहतो, ते त्याच्या पराक्रमाचे लक्षण म्हणून. आमचा शेतकरी बाजारात बैलाचा जबडा उघडतो तो वयासाठी: आदत, दुसा, चौसा. 'धर्माचे गायी आणि दात का गे नाही' ही म्हणही त्याच व्यवहारातली. दातांवरून कुळाचा निवाडा करण्याची रीत मात्र आमच्याकडे श्वानप्रदर्शनांबरोबर आली.

कल्याणीच्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये 'सारमेयविनोदा'ला स्वतंत्र स्थान दिले. मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी ओळींसाठी चाळतात आणि कुत्र्यांचे पान बहुधा ओलांडून जातात. दख्खनच्या याच पट्ट्यात लांब पायांचा, निमुळत्या मुखाचा कारवानी कुत्रा सशामागे धावत आला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांजवळचे हे कुत्रे पाहून त्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, असे सांगतात. २००५ साली टपाल खात्याच्या तिकिटावर तो 'मुधोळ हाउंड' म्हणून झळकला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दफ्तरी मात्र तो 'कॅरव्हान हाउंड'. रानात त्याचा परीक्षक ससाच होता. ज्याची पकड सुटली, त्याची पैदास ठेवण्याचे मालकाला कारण उरत नसे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि परीक्षा रिंगणात गेली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली भरलेल्या प्रदर्शनापासून रुळलेली ही पद्धत. परीक्षक ओठ वर करून पाहतो: वरचे सहा कर्तक दात खालच्या सहांवर कात्रीच्या पात्यांसारखे अलगद टेकले पाहिजेत. खालचा जबडा पुढे आला तर दोष, फार मागे राहिला तरी दोष. गंमत अशी, की बुलडॉगच्या बाबतीत पुढे आलेला जबडा हाच आदर्श! जे एका कुळात व्यंग, तेच दुसऱ्यात लक्षण. म्हणजे यातील काही भाग निसर्गाचा, काही निव्वळ संकेताचा. हा भेद न करणारा परीक्षक आम्हांस व्याकरणाच्या त्या पंतोजींसारखा वाटतो, ज्यांना बोली आणि चूक एकच दिसते.

शिवाय वरचा आणि खालचा जबडा एकाच जनुकाच्या हुकमाने वाढत नाहीत. निर्दोष मुखाच्या जोडीलाही वाकड्या मुखाचे पिल्लू होऊ शकते. उलट एखाद्याचा तुटका दात निव्वळ अपघाताचा असतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आम्ही हेच विचारतो: ही चूक या लेखनिकाची, की मूळ प्रतीतूनच उतरलेली? एक पोथी पाहून उत्तर मिळत नाही, भावंड-पोथ्या जुळवाव्या लागतात. परीक्षकासमोर एकच तोंड असते. पैदास करणाऱ्याने मात्र सगळी वेत, आजे-पणजे आणि बक्षिसापासून दूर घरी ठेवलेली पिल्लेही पाहायला हवीत. ती नोंद तो लपवतो, तेव्हा खरा अपराध घडतो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीभोवती घुटमळणाऱ्या कुत्र्यांची वंशावळ कोणी लिहिलेली नाही, पण त्यांचा वरसंशोधनाचा परीघ मोठा आहे. विजेत्या नराकडेच सगळ्या माद्या नेल्या, तर कारवानीचा परीघ आक्रसतो. म्हणून एखादा गळालेला दाढेपुढचा दात पाहून उत्तम धावणारी, निकोप मादी बाद करणे आम्हांस पटत नाही. खालचा सुळा टाळूत रुतून पिल्लू खाताना कळवळते, ती गोष्ट निराळी. तिथे दंतवैद्याने दात अवश्य सरळ करावा. फक्त ते सरळ तोंड घेऊन मालकाने रिंगणात उतरू नये आणि त्या पिल्लाचा वंशही वाढवू नये.