आंखूड नाकाचा इतिहास

कुत्र्याच्या नाकाचा इतिहास म्हटला कीं कांहीं वाचक हंसतील. परंतु ज्या प्राण्यानें हजारों वर्षें मनुष्याची संगत केली, त्याच्या नाकासाठीं मासिकाचें एक पान खर्चीं घालण्यांत आम्हांस वावगें कांहीं दिसत नाहीं.

पगचें मूळ घराणें चीनचें. तेथून तो हॉलंडांत आला. आणि १६८९ सालीं तिसरा विल्यम व मेरी हीं इंग्लंडच्या गादीवर बसलीं, तेव्हां त्यांच्या दरबाराबरोबर त्या देशांतही मान पावला. चित्रकार होगार्थ यानें १७४५ सालच्या आपल्या चित्रांत स्वतःशेजारीं ‘ट्रम्प’ नांवाचा आपला पग बसविला आहे. लंडनच्या टेट संग्रहालयांतील तें चित्र पाहून आजचा पग पाळणारा गोंधळेल. कारण त्या कुत्र्यास चांगलें पुढें आलेलें नाकाड आहे! आज ‘जातिवंत’ म्हणून मिरविणारें चपटें तोंड फार जुनें नाहीं, याला याहून चांगला साक्षीदार कोणता? बुलडॉगचेंही तसेंच. बैलांशीं झुंजविण्याचा खेळ १८३५ च्या कायद्यानें बंद पडला. पुढें १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला, आणि प्रदर्शनांतील बक्षिसांसाठीं पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाचींच जोडपीं जुळविण्यांत आलीं.

हाड आंखूड झालें, आंतलें मांस मात्र त्या मानानें झालें नाहीं. टाळूचा मऊ पडदा घशांत लोंबूं लागला, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून जिभेवरील व नाकांतील ओलावा उडवावा, तेव्हां रक्त निवतें. येथें वाटच अरुंद, म्हणून धाप टाकण्याच्या श्रमानेंच अंग अधिक तापतें. त्याच्या घोरण्यावर घरांतील मुलें हंसतात. पण तें घोरणें म्हणजे श्वासासाठीं चाललेली धडपड असते.

हा प्राणी मुलचेऱ्यास नेला तर? मुलचेरा आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडे. चंद्रपुरास पारा ४७ अंशांपर्यंत चढलेला आम्हीं ऐकला आहे, आणि कुत्र्याच्या अंगाची उष्णता ३८-३९ अंश. भोंवतालची हवाच अंगाहून तप्त असल्यावर ओलावा उडविण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाहीं. पहिल्या पावसानंतर हवा दमट होते, तेव्हां तोही खुंटतो. या रानांतील कोळसून किंवा पाड्यावरचें गांवठी कुत्रें पाहावें. दोघांचेंही नाकाड लांब! तें कोणा परीक्षकानें ठरविलेलें नाहीं.

आपल्याकडे हें वेड वाढविलें जाहिरातीनें. २००३ सालीं ‘हच’ कंपनीच्या जाहिरातींत मुलामागें धांवणारा पग घरोघरीं दिसला, आणि शहरांतील मध्यम वर्गांत त्याची मागणी वाढली. ऊन कसें सोसवेल, हें कितीजणांनीं विचारलें असेल? उलट ज्या हॉलंडमधून तो इंग्लंडास गेला, तेथेंच २०१९ पासून फार आंखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आले आहेत.

घरीं आधींच आलेल्या पगाचा मात्र यांत कांहीं दोष नाहीं. त्यास गळपट्ट्याऐवजीं छातीपट्टा बांधावा, लठ्ठ होऊं देऊं नये, उन्हाळ्यांत पहाटेसच फिरवावें. जीभ निळसर दिसली किंवा तो लडखडूं लागला, तर अंगावर थंड पाणी ओतून, वारा घालीत, विलंब न करतां पशुवैद्याकडे न्यावें. नाकपुड्या व टाळू शस्त्रक्रियेनें मोकळी करतां येतात. पण मुलचेऱ्याच्या माणसास त्यासाठीं नागपूरसारखें शहर गांठावें लागेल, आणि तो प्रवास उन्हाळ्यांत करणें हीच त्या कुत्र्याची मोठी परीक्षा.