शिकणाऱ्यांचे हात

वैद्यकविद्येचा इतिहास म्हणजे विजयांची मालिका, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कांहीं शोध असे आहेत कीं, ते प्रथम वैद्यांवरच आरोप ठेवतात. इग्नाझ सेमेलवाइस याचा शोध त्यांपैकींच होय. आणि अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय त्या आम्हांस तर तो विशेष मननीय वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाचें सार्वजनिक रुग्णालय हें वैद्यकशिक्षणाचें माहेरघर होतें. विद्यार्थ्यानें केवळ ग्रंथ न घोकतां शवविच्छेदन करून रोगाचें मूळ पाहावें आणि मग रुग्णशय्येपाशीं यावें, ही पद्धति रोकिटान्स्की याच्या प्रभावानें तेथें दृढ झाली होती. त्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. इ. स. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० प्रसूतींमागें ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यांत ३७५४ प्रसूतींमागें १०५. पहिल्या विभागांत आपणांस घालूं नये म्हणून गरीब स्त्रिया गुडघे टेकून विनवण्या करीत.

दूषित हवा, दाटी, अशीं कारणें सांगितलीं जात. परंतु हवा दोहोंकडे एकच, आणि दाटी तर दुसऱ्या विभागांतच अधिक! इ. स. १८४७ च्या मार्चमध्यें सेमेलवाइसचा स्नेही प्राध्यापक कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळीं बोटास सुरी लागून मरण पावला. त्याच्या देहांत सूतिकाज्वराचींच चिन्हें आढळलीं. तेव्हां उलगडा झाला: शवागारांतून येणारे विद्यार्थ्यांचे व अध्यापकांचे हातच मातांपर्यंत मृत्यु पोंचवीत होते. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्याचा नियम झाला; १८४८ सालीं पहिल्या विभागांत ३५५६ प्रसूतींमागें मृत्यु अवघे ४५ झाले.

एवढें प्रमाण असतांहि बहुतेकांनीं तें मानिलें नाहीं. रोगजंतूंची उपपत्ति अद्याप सिद्ध व्हावयाची होती. सेमेलवाइसनेंहि आपला ग्रंथ १८६१ पर्यंत लांबविला आणि पुढें विरोधकांस जहाल पत्रें लिहिलीं. परंतु खरी अडचण अंतःकरणाची होती. शोध मान्य करणें म्हणजे आपल्याच हातून किती माता गेल्या हें मान्य करणें. कील येथील मिखाएलिस या अध्यापकास तें पटलें. १८४८ सालीं त्यानें आत्महत्या केली.

सेमेलवाइस १८६५ च्या १३ ऑगस्ट रोजीं वेड्यांच्या इस्पितळांत वारला. आदल्याच दिवशीं ग्लासगोंत लिस्टरनें एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडाचा प्रयोग आरंभिला होता.

मग शवविच्छेदन हें शिक्षणांतून काढून टाकावयास हवें होतें काय? मुळींच नाहीं. कोलेचकाच्या शवानेंच तर सत्य सांगितलें. उणीव होती ती शवागार आणि प्रसूतिगृह यांमध्यें एका घंगाळाची, आणि आपल्या विद्येचा परिणाम आंकड्यांत पाहण्याच्या धैर्याची. पहिली उणीव भरून काढणें सोपें होतें. दुसरी प्रत्येक पिढीच्या शिक्षकांस नव्यानें भरून काढावी लागते.