न जळालेली वीज कशी मोजायची? एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६,५१४ खिडक्यांची गोष्ट

आजचा एपिसोड सुरू करण्याआधी एक प्रश्न. तुमच्या घरचं मागच्या महिन्याचं लाइट बिल किती आलं? बऱ्याच जणांना रुपये आठवतील. आता दुसरा प्रश्न, युनिट किती पडले? इथे निम्मे लोक गप्प. आणि तिसरा, तुम्ही किती युनिट वाचवले? इथे सगळेच गप्प. कारण जळालेली वीज मीटर दाखवतो. जी जळलीच नाही, ती कुठल्या मीटरवर दिसणार?

आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे, आणि ती सुरू होते पेट्रोलच्या रांगेपासून.

साल १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणं बंद केलं. पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. कॅलिफोर्नियात बर्कलीला आर्थर रोझेनफेल्ड नावाचे पदार्थवैज्ञानिक होते, एन्रिको फर्मींचे शेवटचे पीएचडी विद्यार्थी. कणभौतिकीतलं मोठं नाव. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री ते ऑफिसातून निघत होते. उद्या पेट्रोलसाठी अर्धा तास रांगेत उभं राहायचंय, हे डोक्यात होतं. तेवढ्यात लक्षात आलं की आजूबाजूच्या रिकाम्या खोल्यांचे दिवे सुरूच आहेत, आणि सोमवारपर्यंत सुरूच राहणार आहेत. त्यांनी तिथेच गणित मांडलं. एका खोलीपायी शनिवार-रविवारी साधारण ५ गॅलन इंधन जळतं. २० खोल्यांचं झालं १०० गॅलन. म्हणजे रांगेत उभं राहून जे मिळवायचं, त्याच्या कितीतरी पट इथे कोणी नसताना उडतंय!

मग ते दिवे बंद करायला गेले. आणि खरी गंमत इथे आहे. त्यांना बटणंच सापडेनात. कुठे कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या रॅकमागे, कुठे पोस्टरखाली. बटणं शोधण्यातच वीस मिनिटं गेली. वीज इतकी स्वस्त होती की ती बंद करायची असते, हेच लोक विसरले होते.

रोझेनफेल्ड यांनी पुढे कणभौतिकी सोडली आणि उरलेलं आयुष्य इमारतींच्या विजेला दिलं. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये इमारतींसाठी ऊर्जेचे नियम आणले, त्यामागे त्यांच्यासारख्यांचं काम होतं.

पण नियम आले म्हणून प्रश्न सुटला नाही. कारण नियम सांगतो बिल्डिंग कशी बांधायची. ती बांधून झाल्यावर प्रत्यक्षात किती वीज खाते, हे कोण बघणार?

आणि बघायचं तरी कसं? एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा एका ऑफिसने गेल्या एप्रिलमध्ये १०,००० युनिट वापरले. मग मालकाने नवे एसी बसवले. या एप्रिलमध्ये ९,५०० युनिट लागले. वाचले किती? पाचशे म्हणाल तर चुकलात. कारण यंदा ऊन जास्त होतं, आणि रिकामा असलेला एक मजला भाड्याने गेला. जुनेच एसी असते, तर या एप्रिलला ११,००० लागले असते. म्हणजे खरी बचत १,५०० युनिटची. उलटंही होतं बरं का! पाऊस लवकर आला, अर्धा स्टाफ घरून काम करायला लागला, बिल आपोआप उतरलं, आणि श्रेय मात्र नव्या मशीनला.

म्हणून आधी 'बेसलाइन' काढावी लागते. काहीच बदल केला नसता तर आज किती वीज लागली असती, हवामान आणि माणसांची संख्या धरून, याचा हिशेब. तो हिशेब वजा मीटरचा आकडा, म्हणजे बचत. हे कसं मोजायचं याचे नियम अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९९६ मध्ये छापले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना आंतरराष्ट्रीय रूप मिळालं. कंटाळवाणं वाटतं ना? पण याच्याशिवाय बँक कर्ज देत नाही आणि मालक पैसे काढत नाही. 'बचत होईल' या शब्दावर कोण कोट्यवधी लावेल?

आता येऊ न्यूयॉर्कला. एम्पायर स्टेट बिल्डिंग, १०२ मजले, उद्घाटन १ मे १९३१. २००९ मध्ये तिचं मोठं नूतनीकरण सुरू होतं. मालक कुटुंबातले अँथनी माल्किन यांना दाखवून द्यायचं होतं की जुन्या इमारतीची वीज कमी करणं हा दानधर्म नाही, धंदा आहे. तज्ज्ञांची टीम बसली. साठेक कल्पना निघाल्या, चाळून चाळून उरल्या आठ.

त्यातली सगळ्यात गाजलेली खिडक्यांची. एकूण ६,५१४ खिडक्या, दुहेरी काचेच्या. नव्या आणायच्या तर खर्च अफाट, आणि जुन्यांचा ढीग टाकायचा कुठे? मग पाचव्या मजल्यावरच वर्कशॉप थाटलं. खिडकी काढायची, काचा सोडवायच्या, साफ करायच्या, दोन काचांच्या मध्ये पातळ फिल्म ताणायची, गॅस भरायचा आणि परत बसवायची. जवळजवळ ९६ टक्के काच आणि चौकट जुनीच वापरली गेली! दुसरं काम त्याहून साधं. थंडीत तिथे खिडकीखाली वाफेचे रेडिएटर तापतात. त्यांची उष्णता मागच्या भिंतीतून रस्त्यावर जायची. साडेसहा हजारांच्या आसपास रेडिएटरमागे उष्णता परतवणारा थर लावला.

आता क्रम बघा, कारण सगळी अक्कल क्रमात आहे. मूळ बेत होता एसीचे जुने चिलर बदलून आणखी मोठे बसवायचा. पण खिडक्या आणि दिवे सुधारल्यावर थंडाव्याची गरजच घटली. मग मोठे चिलर कशाला? जुन्यांची कवचं तशीच ठेवून आतली यंत्रणा नवी केली, आणि तिथे १.७ कोटी डॉलरहून जास्त खर्च वाचला. गळकी टाकी बदलायला मोठा पंप आणण्याआधी नळ दुरुस्त करावा, तसं.

कार्यक्षमतेसाठीचा जादा खर्च सुमारे १.३२ कोटी डॉलर. अंदाज असा की ऊर्जावापर ३८ टक्के घटेल आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचतील. म्हणजे तीनेक वर्षांत पैसे वसूल.

पण अंदाज तर सगळेच देतात! इथे वेगळं काय होतं? कंत्राटदार कंपनीने बचतीची लेखी हमी दिली. बचत कमी पडली तर फरक कंपनीने भरायचा. आता मोजमाप हा कुणाच्या तरी खिशाचा प्रश्न झाला. पहिल्या वर्षीचा हिशेब लागला तेव्हा बचत हमीपेक्षा ५ टक्के जास्त निघाली, सुमारे २४ लाख डॉलर.

मग ४४ लाख का नाही? कारण मोठा वाटा भाडेकरूंच्या हातात होता. ऑफिसातले दिवे, कॉम्प्युटर, पंखे त्यांचे. ते काम एक-एक भाडेकरू बदलेल तसं वर्षानुवर्षं होणार होतं. आणि हा पेच आपल्याकडेही आहे. एसी घेतो मालक, बिल भरतो भाडेकरू. मग मालक महागडा पाच स्टारवाला कशाला घेईल?

याच सुमारास न्यूयॉर्क शहरानेही पाऊल उचललं. २००९ च्या कायद्याने ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना दरवर्षी ऊर्जेचा हिशेब द्यावा लागला, आणि तो सगळ्यांसमोर येऊ लागला. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची होती. २०१२ मध्ये ती उघडली आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. १०० पैकी गुण, ७५ म्हणजे उत्तम. म्हातारी क्रायस्लर बिल्डिंग ८४, एम्पायर स्टेट ८०. आणि 'हिरवी इमारत' म्हणून सुवर्ण प्रमाणपत्र मिळालेली नवीकोरी सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर? ७४! वास्तुकलेच्या पुस्तकांतून मिरवणाऱ्या काचेच्या सीग्राम बिल्डिंगला तर फक्त ३.

गुण देण्याच्या पद्धतीवर वाद झाले, आणि ते रास्तही होते. रात्रभर चालणारी ऑफिसं जास्त वीज खाणारच. पण एक गोष्ट कळली. कागदावरची इमारत वेगळी आणि मीटरवरची वेगळी.

आपल्याकडे काय? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, नव्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ ची. आणि २००९ पासून ऑफिस इमारतींनाही फ्रिजसारखे स्टार मिळतात. हिशेब सोपा आहे. वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. महत्त्वाचं म्हणजे हे स्टार नकाशावर मिळत नाहीत, वापराच्या आकड्यांवर मिळतात. पण ते ऐच्छिक आहेत. ज्याचे मार्क चांगले, तोच निकाल दाखवणार! हिंजवडी किंवा बीकेसीतल्या काचेच्या टॉवरखालून जाताना तो किती वीज खातो, हे तुम्हा-आम्हाला कळायचा सोपा मार्ग नाही. आणि ती वीज बनवायला चंद्रपूर-कोराडीत कोळसा जळतो, त्याची राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते.

तर आजचं काम. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा तक्ता असतो. तो काढा. गेल्या वर्षीचा हाच महिना आणि यंदाचा, शेजारी ठेवा. फरक दिसला की लगेच खूश होऊ नका, चिडूही नका. आधी विचारा, ऊन किती होतं? घरात माणसं किती होती? मगच ठरवा. आणि ऑफिसात असाल तर आज निघताना एकदा बघा, बटणं कपाटामागे तर नाहीत ना?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि ऐकताना खोलीतला रिकामा पंखा तेवढा बंद करा!