संकटाची वर्दी

अमरावतीचा परकोट पाहणारास आज तो केवळ बचावाची भिंत वाटतो. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील श्रीमंत पेठेचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या सरकारनें १८०७ सालीं त्याचें काम हातीं घेतलें. घेर सव्वादोन मैलांचा. वेशी पांच आणि खिडक्या चार. परंतु कोट जसा बाहेरच्या शत्रूस अडवितो, तसा तो आंतल्या माणसांस बातमीहि सांगतो. भरदिवसां वेशीचे दरवाजे लागावे, यापरता स्पष्ट इशारा कोणता? त्यास लिहितां-वाचतां येण्याची गरज नव्हती, आणि तो खोटा म्हणण्याची सोयहि नव्हती. अकोल्याची रचना निराळी. तेथें मोर्णा मधून वाहते. एका तीरावर असदगड आणि कोटांतील जुनें शहर, दुसऱ्या तीरावर ताजनापेठ. मोर्णेस पूर आला कीं गांवाचे दोन तुकडे होत आणि एका तीराची हांक दुसऱ्या तीरास लागत नसे.

वेस जें सांगूं शकत नसे तें दवंडी सांगे. दवंडीची रीत मोठी शहाणपणाची होती. आधीं डफडें वाजावयाचें, मग माणसें दारांत यावयाचीं, आणि नंतर हुकूम: कोणाचा, काय, केव्हांपासून, न पाळल्यास दंड कोणता. चार वाक्यांत काम संपे, आणि पुढच्या चौकांत तींच चार वाक्यें पुन्हां. शिवाय दवंडीवाल्यास उलट विचारतां येई. त्याचें उत्तर अर्धवट असेल, पण तो समोर उभा असे. या व्यवस्थेची एक काळी बाजूहि सांगितलीच पाहिजे. गांवोगांव हें काम बहुधा अस्पृश्य मानलेल्या गांवकामगाराकडे असे. त्याच्या हांकेला कोणताहि उंबरा आड येत नसे. त्याच्या पावलाला मात्र प्रत्येक उंबरा आड येई. १९२७ च्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस परिषद भरली, ती अंबादेवीच्या मंदिराचा हाच उंबरा ओलांडतां यावा यासाठीं.

१८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. तारायंत्रहि आलें. तें मुख्यत्वेंकरून कापसाच्या उपयोगास आलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दूरदेशच्या बाजारचा भाव वऱ्हाडच्या व्यापाऱ्यास तारेनें कळूं लागला. गल्लींतल्या माणसास मात्र सरकारचा शब्द अजून डफड्यावरच कळत होता.

या दोन वेगांची गांठ प्लेगनें घातली. मुंबईस १८९६ सालीं प्रकट झालेला हा रोग पुढील कांहीं वर्षांत वऱ्हाडांत आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरें तपासण्याचा, माणसें वेगळीं ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. पुण्यांत त्या अधिकाराचा अंमल गोऱ्या शिपायांकरवीं झाला. २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, तो त्याचाच परिणाम. इस्पितळांत नेलेला माणूस परत येत नाहीं, ही वदंता त्या काळीं घरोघर होती. सरकार सांगत होतें तें पुष्कळसें खरेंहि असेल. पण सांगणाराच्या हातीं बंदूक दिसली म्हणजे ऐकणारा आधीं आजारी माणसास लपवितो. याउलट एक वर्दी अशी होती कीं तिच्यावर कोणीहि अविश्वास दाखविला नाहीं. घरांत उंदीर मरून पडला, कीं जाणतीं माणसें भांडींकुंडीं आवरून गांवाबाहेर शेतांत झोंपड्या घालून राहावयास जात. हुकमाची वाट कोण पाहतो! शास्त्राचा निर्वाळा पुढें झाला; अनुभवानें लोक आधींच शहाणे झाले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानें तेवढीहि सवड दिली नाहीं. हिंदुस्थानांत ज्या प्रांतांस त्याचा सर्वांत जबर तडाखा बसला, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता, आणि त्याच वर्षीं पाऊसहि चुकला. आठवड्यानें निघणारें वर्तमानपत्र अशा रोगाच्या मागें किती धांवणार?

लोक ज्याचें ऐकत असा मनुष्य निराळाच होता. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे गाडगे महाराज गांवांत येत, आधीं स्वतः खराट्यानें रस्ते झाडीत, आणि रात्रीं कीर्तनांत स्वच्छतेचा उपदेश करीत. सकाळचा खराटा ज्यानें पाहिला त्यास रात्रीचा उपदेश परका वाटत नसे. आरोग्यखात्याच्या कोणत्याहि पत्रकास हें साधलेलें नाहीं.

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैंत सुरू झालें आणि वऱ्हाडाच्या घरांत दूरचा आवाज आला. तरीहि ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीनें मोवाड गिळलें. अमरावती जिल्ह्यांतील वरूड तालुक्याच्या शेजारचें, नागपूर जिल्ह्यांतलें हें गांव. तेथें २०४ माणसें बुडालीं. रेडिओ होता, तार होती, दूरध्वनीहि होता. पाण्याच्या आधीं वर्दी मात्र पोंचली नाहीं.

१८९७ चा तो कायदा १२३ वर्षांनीं पुन्हां बाहेर निघाला. २०२० मध्यें कोरोनाची साथ आली तेव्हां महाराष्ट्र सरकारनें त्याचाच आधार घेतला; आणि २१ फेब्रुवारी २०२१ रोजीं पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनीं अमरावती व अचलपूर हीं शहरें दुसऱ्या दिवसाच्या रात्रीं आठांपासून आठवडाभर बंद राहतील असें जाहीर केलें. बातमी क्षणांत भ्रमणध्वनींवर पसरली. पण तिच्या सोबतच, कोणीं लिहिल्या तें न कळणाऱ्या, दहा बातम्याहि पसरल्या. दवंडीवाला एक होता. येथें प्रत्येकाच्या हातीं डफडें आलें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमरावतींत दंगल उसळली. १३ तारखेस संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यांत आलें. अफवा थांबावी हा हेतु. परंतु ज्या वाटेनें अफवा येते त्याच वाटेनें संचारबंदीची वेळ, औषधाच्या दुकानाचा पत्ता आणि परगांवच्या मुलाची खुशाली येत असते. वाट बंद झाली कीं तीं सर्वच थांबतात. पूर्वींच्या कोतवालास दवंडी बंद करून शांतता राखण्याची कल्पनाहि सुचली नसती.

२०२३ च्या जुलैंत सरकारनें नवी चांचणी घेतली. अनेकांचे भ्रमणध्वनी एकाएकीं कर्कश वाजले, आणि संकटसूचनेचा नमुना त्यांवर उमटला. हा संदेश क्रमांक विचारीत नाहीं. मनोऱ्याच्या टप्प्यांतील प्रत्येक यंत्रावर तो उतरतो, म्हणजे चौकांतल्या दवंडीचाच हा वंशज. फरक इतकाच, कीं यास उलट विचारतां येत नाहीं.

मेळघाटच्या डोंगरांत मनोराहि पुष्कळ ठिकाणीं दूर आहे. मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील धरणाचीं तेरा दारें उघडावयाचीं झालीं, कीं नदीकाठास मराठींत सूचना जाते आणि ती समजते. कोरकूंची बोली मात्र मराठीच्या कुळांतलीच नव्हे. २०२१ मध्यें लशीविषयीं मेळघाटांत नाना शंका पसरल्या, तेव्हां अमरावतीच्या अधिकाऱ्यांस कोरकू भाषेंतील चित्रफिती करवून गांवोगांव दाखवाव्या लागल्या.