रिव्हॉल्वर १८५१ चं की १९८० चं? नक्षीवर जाऊ नका, शिक्के वाचा

आजच्या भागात राजे नाहीत, तह नाहीत. फक्त एक वस्तू आहे आणि तिचं खरं वय शोधायचंय.

माझा मावसभाऊ ओहायोत असतो. त्याच्या शेजारच्या आजींना, आजोबा गेल्यावर, कपाटात मखमली पेटी सापडली. आत नक्षीदार रिव्हॉल्वर. घरचे म्हणायचे, "हे अमेरिकन यादवी युद्धातलं, पणजोबांचं." आजींना ते विकून छपराचं काम करायचं होतं. भावानं मला फोटो पाठवले, कारण मी असल्या गोष्टींच्या मागे लागतो हे त्याला माहीत आहे.

पहिली गोष्ट किमतीची नाही, जिवाची. या हत्यारात काडतूस नसतं. सिलिंडरच्या सहा घरांत पुढून काळी बंदुकीची दारू आणि गोळी ठासतात, मागे छोटी कॅप बसवतात. ठासलेली दारू कित्येक दशकं तशीच राहू शकते. म्हणून घोड्याला हात न लावता आधी जाणकार गनस्मिथकडून ते रिकामं आहे ना, हे बघून घ्यायचं. आजींनी तेच केलं.

आता ओळख. आकार कोल्टच्या १८५१ नेव्ही मॉडेलचा. हे मॉडेल १८७३ पर्यंत बनत होतं, हार्टफर्ड आणि लंडन मिळून अडीच लाखांच्या आसपास. सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली असते: १६ मे १८४३, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं. ते चित्र न्यूयॉर्कच्या ऑर्म्सबीचं, आणि हा माणूस बँकनोटा कोरणारा! पण गंमत अशी की नकलेवरही हेच चित्र असतं. म्हणजे चित्र दिसलं म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही.

मग बघायचं काय?

एक, नळीचा व्यास. कोल्टनं नेव्ही फक्त ०.३६ इंचात बनवलं. ०.४४ ची 'नेव्ही' दिसली तर ती नंतरची समजा. दोन, फ्रेम. कोल्टची फ्रेम लोखंडी. पितळ असायचं ते चापाच्या कडीला आणि मुठीच्या पट्टीला. दक्षिणेत, जॉर्जियात, ग्रिसवोल्ड आणि गनिसन यांनी पितळी फ्रेम केली, पण त्यांची नळी गोल होती. पितळी फ्रेम आणि अष्टकोनी नळी एकत्र दिसली तर बहुतेक वेळा ती नक्कलच. तीन, कोरलेला मजकूर. या रिव्हॉल्वरवर सोनेरी अक्षरांत '१८६१-१८६५' होतं. आता सांगा, युद्ध चालू असताना ते कधी संपणार हे कारागिराला कसं कळणार?

चौथी गोष्ट सगळ्यात पक्की: शिक्के. लोडिंग लिव्हर खाली केल्यावर नळीच्या पोटाला बारीक खुणा दिसल्या. चांदणी, ढाल आणि 'पी एन', म्हणजे इटालियनमध्ये 'पोल्व्हेरे नेरा', काळी दारू. हा इटलीतल्या गार्दोनेच्या सरकारी चाचणीचा शिक्का. शेजारी चौकटीत 'ए एफ'. हा वर्षाचा कोड: आधी रोमन आकडे चालायचे, १९७५ पासून 'ए ए' अशी जोडाक्षरं आली. 'ए एफ' म्हणजे १९८०.

इटलीत का? १९६१ मध्ये यादवी युद्धाला शंभर वर्षं होणार होती. अमेरिकेत हौशी लोकांना जुनी हत्यारं हवी होती आणि गार्दोनेच्या खोऱ्यात बंदुका बनवण्याची परंपरा शेकडो वर्षांची. उबेर्तीचा कारखाना १९५९ मध्ये तिथंच सुरू झाला. १९७१ मध्ये तर खुद्द कोल्टनंच ग्रँट आणि ली यांच्या नावाचे नेव्ही स्मारक-रिव्हॉल्वर काढले.

एक सावधगिरी मात्र ठेवा. युद्धाचे प्रसंग उभे करणारे हौशी लोक नकलेवरचे आधुनिक शिक्के मुद्दाम घासून काढतात. म्हणून शिक्का असला तर तो पुरावा, पण नसला म्हणजे वस्तू अस्सल, असं नाही.

आजींना छपरापुरते पैसे मिळणार नाहीत, हे भावानं सांगितलं. पण पेटीत जुनी पावतीही निघाली, आजोबांच्या नावाची. पणजोबांची नाही, पण नवऱ्याची वस्तू. त्यांनी ती विकली नाही.

स्मारक म्हणून बनवलेली वस्तू खोटी नसते. तिचं वय लपवून विकली, की ती खोटी होते. तुमच्या घरातल्या 'पेशवेकालीन' तलवारीलाही हाच नियम लावा: गोष्ट ऐका, पण आधी शिक्का शोधा. भेटू पुढच्या भागात!