डबा एसटीचा, खोली पत्र्याची

1982 पर्यंत लातूर हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातलंच शहर होतं. जिल्हे वेगळे झाले, तरी उमरगा, लोहारा, कळंबकडच्या पोरांनी शिकायला लातूरला खोली करून राहायचं, ही रीत मोडली नाही.

दहावीचा निकाल लागला की बाप पोराला घेऊन दारोदार फिरतो. वर पत्रा, आत एखादी कॉट, भिंतीला खिळे, न्हाणी सगळ्यांत मिळून एक. भाडं परवडावं म्हणून खोलीत तिघं-चौघं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात भाड्याइतकंच नळाला पाणी कधी येतं हेही विचारून घ्यावं लागतं. डबा गावाकडून एसटीने येतो. आई पहाटे भाकरी थापते, डब्यावर नाव घालते आणि पहिल्या गाडीत तो ठेवला जातो. पोरगं स्टँडवर जाऊन भरलेला डबा उतरवून घेतं आणि कालचा रिकामा परतीच्या गाडीत चढवतं. मेसचे पैसे वाचतात, ते पुस्तकांना होतात.

एसटी नव्हती तेव्हा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवसांची सात घरं, निजायला देवळाची ओवरी. या सोयीचं कौतुक आपल्याकडे फार झालं. ती मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलापुरती होती, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. बाकीच्यांना ना वार मिळत, ना ओवरी. ती कोंडी फोडली बोर्डिंगांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं, पुढे इतर समाजांचीही निघाली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली.

उस्मानाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. तरीही आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि लांबलांबची मुलं तिथे राहून शिकू लागली. 1929 मध्ये मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर इथेच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढच्या शिक्षणाला हैदराबाद गाठावं लागे. तिथल्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून आंदोलन पेटलं. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. शिक्षण वाचलं, पण बिऱ्हाड पुन्हा नव्याने मांडावं लागलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं. तेच पुढचं मिलिंद. दलित पोराला शहरात भाड्याने खोली कोण देणार, हा प्रश्न ओळखून तिथे वसतिगृहाचीही सोय झाली. वर्गात प्रवेश मिळाला, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही, तर त्या प्रवेशाचा उपयोग काय? आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' म्हणणारे घरमालक अजूनही भेटतात.

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. सुरुवातीच्या दरांनुसार धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्यासाठी वर्षाला 12,000 रुपये धरले होते, म्हणजे महिन्याला 1,000. एवढ्यात एकट्याची खोली होत नाही. पार्टनर शोधावाच लागतो.